शेळ्या विकत घेण्यापूर्वीं

आपल्या खेड्यांत ज्याच्याजवळ जमीन थोडी, किंवा मुळींच नाहीं, त्याच्या मनांत केव्हां ना केव्हां तरी शेळ्या पाळण्याचा विचार येतोच. म्हैस घेण्यास भांडवल मोठें लागतें, विहीर खणणें त्याहून कठीण. शेळी मात्र थोड्या पैशांत येते, झुडपांचा पाला खाते, लौकर पिलें देते व अडचणीच्या दिवशीं विकतांही येते. हें सर्व खरें आहे. २०१९ सालच्या पशुगणनेंत भारतांत सुमारें १४ कोटि ८८ लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या, व त्यांपैकीं सुमारें १ कोटि ६ लक्ष महाराष्ट्रांत होत्या. ह्यांतील बहुतेक लहान शेतकऱ्यांच्या व मजुरांच्या दारीं बांधलेल्या असतात. तेव्हां शेळी हें गरिबाचें धन आहे, ह्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो इतकाच कीं, हें धन आपल्या घरीं टिकेल कीं नाहीं, ह्याचा विचार धन आणण्यापूर्वीं करावा कीं तें गेल्यानंतर.

सुमारें दहा वर्षांपूर्वीं मी ज्या गांवीं राहत होतों, तेथील एक तरुण गृहस्थ मुंबईची नोकरी सुटल्यामुळें घरीं परतला. कर्ज काढून शेळ्या घ्याव्या, असा बेत त्यानें केला व माझा सल्ला विचारला. मीं कागद घेऊन हिशेब मांडला: वीस शेळ्या, दोन वर्षांत तीन वेतें, प्रत्येक वेतास दोन करडें. त्या आंकड्यांनीं तो भुलला आणि मीही भुललों. ‘अवश्य घ्या,’ असें मीं सांगितलें. त्यानें दोन निरनिराळ्या बाजारांतून वीस शेळ्या खरेदी केल्या, ज्येष्ठ महिन्यांत टेंपोंत कोंबून घरीं आणल्या, व त्याच रात्रीं आईच्या जुन्या तीन शेळ्यांबरोबर एका गोठ्यांत बांधल्या. आठ दिवसांनीं एकीच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. मग तोंडांत फोड आले, हगवण लागली. आणि तेंच दुखणें एकीमागून एकीला होत गेलें. आषाढ संपण्यापूर्वीं तेवीसांपैकीं चौदा मेल्या. त्यांत आईच्या तीनही होत्या. उरलेल्या नऊ त्यानें मिळेल त्या भावानें विकल्या. कर्ज मात्र पुढें चार वर्षें फेडावें लागलें.

त्या कागदावर मीं करडांचा हिशेब मांडला होता. चाऱ्याचा, लशीचा व मरणाऱ्या जनावरांचा मांडला नव्हता. तो राहिलेला हिशेब आज ह्या पाठांत मांडावयाचा आहे. ज्या बंधुभगिनींना वाचतां येत नाहीं, त्यांना तो वाचून दाखवावा, अशी विनंती आहे. कारण शेळ्या बहुधा त्यांच्याच घरीं असतात.

१. वैशाखांत चारा कोठून येणार?

शेळ्या किती घ्याव्या हें बाजारांत ठरवूं नये. तें वैशाखांत ठरवावें. श्रावणांत दहा शेळ्यांना पुरेल इतका पाला कोणाच्याही बांधावर असतो. प्रश्न श्रावणाचा नाहीं. फाल्गुनापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत सुमारें चार महिने रान कोरडें पडतें. त्या दिवसांत जितक्या शेळ्या पोटभर खातील, तितक्याच आपल्या. बाकीच्या आपल्या नव्हेत. त्या खाटकाच्या किंवा दलालाच्या आहेत, असें समजावें. कारण उपाशी शेळी अर्ध्या किंमतीस विकावी लागते व ती विकावयाची वेळ सर्व गांवावर एकदमच येते.

हिशेब कठीण नाहीं. तीस किलो वजनाच्या शेळीस दिवसाला सुमारें सव्वा किलो कोरडा चारा, किंवा तितकें सत्त्व ज्यांत आहे असा ओला व कोरडा चारा मिळून, लागतो. पांच शेळ्यांना एकशेंवीस दिवसांत पाऊण टन. ह्यांतील अर्धा भाग त्या चरून मिळवितील असें धरलें, तरी पावणेचारशें किलो चारा घरीं साठविलेला असला पाहिजे. तुरीचें व हरभऱ्याचें भुसकट, भुईमुगाचे वाळलेले वेल, कडब्याची कुट्टी, बाभळीच्या शेंगा, ह्या गोष्टी सुगीच्या दिवसांत पुष्कळ मिळतात व बहुधा जाळल्या किंवा फेंकल्या जातात. त्या वेळीं ज्यानें त्या गोळा करून कोरड्या जागीं ठेविल्या, त्याला वैशाखाचें भय थोडें.

दुसरा उपाय झाडांचा. शेळी गाईप्रमाणें मान खालीं घालून एकसारखी चरत नाहीं. ती मागच्या पायांवर उभी राहून फांदी ओढते, इकडचा शेंडा तिकडचें पान खुडते. म्हणून तिला गवतापेक्षां झाडपाला मानवतो. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ, बोर, उंबर हीं झाडें असल्यास मोठा आधार होतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या एकतृतीयांशाहून अधिक घालूं नये, कारण तींत एक द्रव्य असें आहे कीं, तें पोटांत फार गेल्यास केंस गळतात व जनावर खंगतें. झाडें वाढण्यास एक पावसाळा तरी लागतो. म्हणून क्रम असा धरावा: आधीं झाडें, मागाहून शेळ्या. उलट क्रम धरणाराचीं झाडें शेळ्या खातात, व शेळ्या उन्हाळा खातो.

चाऱ्याविषयीं दोन धोके प्रत्येकानें पाठ करावे. पहिला असा कीं, पाण्याच्या ताणांत सापडलेली कोवळी ज्वारी, किंवा कापलेल्या ज्वारीस फुटलेले कोंब, ह्यांत विष उत्पन्न होतें, व त्यानें शेळी घटकाभरांत मरते. दुसरा असा कीं, लग्नकार्यांतील उरलेला भात, पोळ्या किंवा सांडलेलें धान्य प्रेमानें पाटीभर घातल्यास शेळीच्या पोटांत आंबट द्रव्य तयार होऊन ती मरूं शकते. ज्याला आपण मेजवानी समजतों, तेंच तिचें विष होय.

२. राखणार कोण?

हा प्रश्न विचारण्याचें पुष्कळांना सुचतच नाहीं, कारण उत्तर गृहीत असतें: ‘घरांतलें कोणीतरी.’ हें कोणीतरी कोण, तें नांव घेऊन सांगावें. घरांतील कर्ता पुरुष मजुरीस जातो. गृहिणी पाणी, सरपण, स्वयंपाक व खुरपणी ह्यांत गुंतलेली असते. मग शेळ्यांच्या मागें कोण जातें? बहुधा दहा-बारा वर्षांची मुलगी. आरंभीं ती शनिवार-रविवार जाते. मग आई आजारी पडली म्हणून चार दिवस जाते. पुढें शिक्षक तिचें नांव पटावरून कमी झाल्याचें सांगतात, तेव्हां कोणाला फारसें आश्चर्यही वाटत नाहीं. पांच शेळ्यांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडतांना त्या मुलीच्या शिक्षणाची किंमत खर्चाच्या बाजूस मांडावी. ती मांडल्यावर जमा उरते काय, हें ज्याचें त्यानें पाहावें. माझें मत स्पष्ट आहे: जी शेळी मुलाला शाळेंतून काढते, ती फुकट मिळाली तरी महाग आहे.

तेव्हां उपाय काय? दोन-तीन घरांनीं मिळून पाळीपाळीनें मोठ्या माणसानें शेळ्या नेणें; किंवा सकाळीं दोन-तीन तास चारून बाकीचा वेळ गोठ्यांत पाला व कुट्टी घालणें; किंवा शेळ्या इतक्याच ठेवणें कीं, त्या दावणीला पोसतां येतील. कोणताही उपाय धरा, पण खरेदीपूर्वीं घरच्या बाईला विचारा. शेण-लेंड्या काढणें, पाणी पाजणें, रात्रीं विणाऱ्या शेळीजवळ बसणें हें काम तिच्याच वांट्यास येणार. जिच्या हातून काम व्हावयाचें, तिची संमति नसतां केलेली खरेदी फळत नाहीं. आणि शेळी विकल्यावर पैसा कोणाच्या हातांत राहील, हेंही त्याच वेळीं ठरवून टाकावें.

शेजाऱ्यांचाही विचार करावा. मोकळी शेळी कोणाचें शेत ओळखत नाहीं. हरभऱ्याच्या एका सरीपायीं दोन घरांचें बोलणें वर्षभर बंद झालेलें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. वनखात्यानें नवीं रोपें लावलेल्या जागीं चराईस बंदी असते, ती मोडल्यास दंड होतो. म्हणून आपल्या गांवीं चरावयास जागा कोठें आहे, कोणाची आहे, व ती किती दिवस मोकळी राहील, हें आधीं विचारून घ्यावें.

३. कोणत्या जातीची घ्यावी?

उत्तर सोपें आहे: जी आपल्या हवेंत जन्मली ती. मराठवाड्यांत व त्याच्या आसपास उस्मानाबादी शेळी प्रसिद्ध आहे. ज्या जिल्ह्याचें नांव तिला मिळालें त्याला आतां धाराशिव म्हणतात. शेळीचें नांव मात्र जुनेंच चालूं आहे. ती बहुधा काळी, काटक, दुष्काळांत तग धरणारी, व पुष्कळदां जुळीं देणारी आहे. अहिल्यानगर, नाशिक व पुणें ह्या भागांत संगमनेरी शेळी आढळते. ती दूध व मांस ह्या दोहोंसाठीं पाळतात. विदर्भांत बेरारी, आणि सिंधुदुर्गाकडे मुसळधार पावसांत टिकणारी कोंकण कन्याळ आहे. परप्रांतांतील उंच, लांब कानांच्या शेळ्या, किंवा आफ्रिकेंतून आलेली बोअर जातीची भारी शेळी, ह्यांच्या जाहिराती फार दिसतात. त्या जाति वाईट नव्हेत. परंतु त्यांचें मोठें शरीर मोठा खुराकही मागतें. ज्याच्या घरीं देशी शेळीचा चारा जेमतेम निघतो, त्यानें मोठ्या शेळीचा मोह धरूं नये.

बोकडाविषयीं लोक फार निष्काळजी असतात. पंचवीस-तीस शेळ्यांना एक चांगला बोकड पुरतो. म्हणून चार-पांच शेळ्यांच्या धन्यानें स्वतःचा बोकड ठेवण्याऐवजीं वस्तीनें मिळून एक ठेवावा. तोच बोकड वर्षानुवर्षें ठेवल्यास तो आपल्याच लेकींवर जातो व पुढील करडें दुबळीं निपजतात. दर दोन वर्षांनीं दुसऱ्या गांवच्या बोकडाशीं त्याची अदलाबदल करावी.

४. शेळी कशी पारखावी?

चांगली दुभती, जुळीं देणारी शेळी धनी सहसा बाजारांत आणीत नाहीं. म्हणून बाजारांत उभ्या असलेल्या प्रत्येक शेळीकडे पाहून पहिला प्रश्न मनांत हा आणावा: ‘ही येथें कां आली?’ कधीं उत्तर धन्याची अडचण असें असतें. कधीं शेळीचा दोष असें असतें. शक्य तर ओळखीच्या माणसाच्या दारीं जाऊन, शेळीची आई व मागचीं करडें पाहून घ्यावी. पुण्यांत ज्याचें मुख्य कार्यालय आहे, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडेही जातिवंत जनावरांविषयीं चौकशी करतां येते.

दांत पाहण्यास शिकावें. शेळीला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतातच. खालीं आठ असतात. ते सर्व बारीक दुधाचे असतील तर ती वर्षाच्या आंतबाहेर. मधले दोन मोठे झाले असतील तर सवा-दीड वर्षाची. चार मोठे झाल्यास दोनाच्या सुमाराची. सहा झाल्यास तिनाची. आठही मोठे झाल्यास ती चार वर्षांची पुरी झाली. दांत झिजलेले किंवा पडलेले असतील तर ती म्हातारी. दोन किंवा चार दांतांची, एकदां व्यालेली शेळी नवशिक्याला सर्वांत बरी.

मग डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून आंतला रंग पाहावा. तो लालसर असावा. पांढराफटक असेल तर पोटांत रक्त पिणारे जंत आहेत असें समजावें. नाक कोरडें व स्वच्छ असावें, शेपटीखालीं घाण चिकटलेली नसावी, लेंड्या घट्ट असाव्या. कांस मऊ असावी, तींत गांठी नसाव्या, दोन्ही सडांतून दूध यावें. तिला चार पावलें चालवून पाहावें. लंगडणारी घेऊं नये. ‘गाभण आहे’ ह्या शब्दावर जास्त पैसे मोजूं नयेत. पुष्कळदां तें पोट नुसत्या चाऱ्याचें असतें.

भाव ठरवितांना दलाल रुमालाखालीं बोटें धरून सौदा करतात. नवख्या माणसानें ह्या खेळांत शिरूं नये. वजनकांटा असेल तेथें वजन करून घ्यावें, भाव तोंडानें स्पष्ट बोलावा, आणि पावती मागावी.

५. घरीं आणल्यावर पहिले एकवीस दिवस

ज्या चुकीनें त्या तरुणाच्या चौदा शेळ्या गेल्या, ती येथें आहे. नवीन शेळी कितीही निरोगी दिसो, तिला तीन आठवडे जुन्या शेळ्यांपासून दूर बांधावें. पाण्याचें भांडें, चारा, राखण सर्व निराळें असावें. रोग अंगांत शिरल्यानंतर बाहेर दिसावयास कांहीं दिवस लागतात, आणि बाजार ही तर सर्व गांवच्या रोगांची भेटण्याची जागा.

त्या शेळ्यांना झालेल्या रोगाला पीपीआर म्हणतात. कित्येक त्याला शेळ्यामेंढ्यांची बुळकांडी म्हणतात. त्याचें पहिलें वर्णन १९४२ सालीं आफ्रिकेच्या आयव्हरी कोस्ट देशांत झालें; भारतांत तो १९८७ सालीं तामिळनाडूंत ओळखला गेला. गाईबैलांची बुळकांडी आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तिनें गोठेच्या गोठे रिकामे होत. लस टोंचून टोंचून तो रोग सर्व जगांतून नाहींसा करण्यांत आला, व तसें २०११ सालीं जाहीर झालें. शेळ्यांची बुळकांडीही २०३० पर्यंत अशीच घालवावी, असा जगांतील राष्ट्रांचा संकल्प आहे. ह्या रोगावर लस आहे. करडूं तीन-चार महिन्यांचें झाल्यावर ती एकदां टोंचली कीं, सुमारें तीन वर्षें रक्षण होतें. चौदा शेळ्या ज्या गोष्टीवांचून मेल्या, ती गोष्ट इतकी लहान होती.

दुसरा रोग आंत्रविषार. पावसाच्या आरंभीं कोवळा लुसलुशीत चारा खाऊन धडधाकट करडूं रात्रींतून मेलेलें आढळतें, आणि लोक दृष्ट लागली असें म्हणतात. दृष्ट नव्हे, आंतड्यांत वाढलेल्या जंतूंचें तें विष आहे, व त्यावरील लस दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं टोंचून घेतां येते. लाळ्या खुरकूत व घटसर्प ह्यांच्या लशी केव्हां द्याव्या, हें जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत विचारावें. शेळ्या घेण्यापूर्वींच त्या दवाखान्यांत एक खेप घालावी. दवाखाना किती मैलांवर आहे व डॉक्टर कोणत्या वारीं येतात, हें संकटाच्या रात्रीं विचारावयाचें नसतें. जंतांचें औषधही मनास येईल तेव्हां व अंदाजानें देऊं नये. तसें केल्यानें जंत औषधाला दाद देईनासे होतात.

एक सूचना माणसांच्या जिवासाठीं. शेळीचा गर्भ अवेळीं पडल्यास तो, किंवा तिची वार, उघड्या हातानें उचलूं नये. हातांवर पिशवी चढवून उचलावी व खोल पुरावी. शेळीचें दूध उकळूनच प्यावें. ह्या वाटेनें येणारा एक ताप माणसाच्या सांध्यांना महिनेच्या महिने धरून बसतो.

६. गोठा व करडें

शेळी थंडी सोसते, ऊन सोसते. ओल सोसत नाहीं. एका मोठ्या शेळीस छपराखालीं सुमारें दहा चौरस फूट व बाहेर फिरावयास त्याच्या दुप्पट जागा पुरते. जमीन भोंवतालच्या जागेपेक्षां उंच, मुरुमाची व उताराची असावी. भिंती पक्क्या नसल्या तरी चालेल, पण कूड मजबूत हवा. लांडगा व कोठें कोठें बिबट्या येतो. चारा जमिनीवर टाकूं नये. तुडविलेला, मुतलेला चारा शेळी उपाशी राहील पण खाणार नाहीं. गव्हाण करावी किंवा पाल्याची जुडी तिच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी.

शेळी सुमारें पांच महिने गाभण राहते. नफा किंवा तोटा तिच्या विण्यानंतरच्या पहिल्या तासांत ठरतो. करडूं जन्मतांच त्याचें नाकतोंड पुसावें. नाळ पोटापासून दोन-तीन बोटांवर स्वच्छ पात्यानें कापून टिंक्चर आयोडीन लावावें. व अर्ध्या तासाच्या आंत त्याला आईचा चीक पाजावा. ‘वार पडल्याशिवाय चीक पाजूं नये,’ अशी समजूत कित्येक ठिकाणीं आहे. तिनें हजारों करडें मारलीं असतील. रोगाशीं झगडण्याचें बळ करडाला चिकांतूनच मिळतें, आणि जसजसे तास जातात तसतसें तें बळ घेण्याची त्याची शक्ति कमी होते. पुढें दोन-अडीच महिने आईच्या दुधावर पहिला हक्क करडाचा. आपल्या चहासाठीं कांस रिकामी करून जो करडूं अर्धपोटीं ठेवतो, तो चार घोट दुधासाठीं एक बोकड विकतो.

७. पैशाचा हिशेब

दहा महिन्यांची पाट विकत घेतली, तर ती फळण्यास कांहीं दिवस, विण्यास पांच महिने, व करडें विक्रीस तयार होण्यास आणखी आठ-नऊ महिने. म्हणजे पहिला रुपया येण्यास सवा वर्ष लागतें. कर्जाचें व्याज मात्र खरेदीच्या दिवसापासून चालूं होतें. ज्या कर्जाचा हप्ता तिसऱ्या महिन्यापासून द्यावयाचा, तें शेळ्यांसाठीं कर्जच नव्हे. तो हप्ता शेवटीं शेळी विकूनच भरावा लागतो. शक्य तर दोन-तीन शेळ्या स्वतःच्या पैशानें घ्याव्या, किंवा कोणाच्या अर्ध्या वाट्यानें राखाव्या. करडें निम्मीं धन्याचीं, निम्मीं आपलीं. वर्षा-दोन वर्षांत हात बसतो व कळप घरचाच वाढतो. विमा उतरावा व कानांतील बिल्ला संभाळावा. बिल्ला हरवल्यास विमा मिळणें कठीण.

विक्रीची वेळही आधीं ठरवावी. बकरी ईदला बोकडांचा भाव चढतो; पण हा सण दरवर्षीं सुमारें दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तेव्हां मागील वर्षाच्या अंदाजावर विसंबूं नये. जत्रांचे दिवस व आषाढाचा शेवट ह्या वेळींही मागणी असते. नर विकावे, पहिल्या चार वर्षांत चांगली पाट विकूं नये. आणि एक वही ठेवावी: किती व्याल्या, किती मेल्या, कशानें मेल्या, काय खर्च झाला. मेलेल्यांचा रकाना भरावयास मन घेत नाहीं, पण शिकवितो तोच रकाना.

शेवट

ज्या तरुणाची गोष्ट आरंभीं सांगितली, त्यानें कर्ज फिटल्यावर पुनः शेळ्या घेतल्या. ह्या वेळीं दोनच, त्याही आईच्या हट्टास्तव. त्याआधीं एक पावसाळा त्यानें बांधावर शेवरी लावण्यांत घालविला. दोन्ही शेळ्या तीन आठवडे गांवाबाहेरच्या खोपटांत बांधल्या, लस टोंचली, मग घरीं आणल्या. मध्यंतरीं एक करडूं लांडग्यानें नेलें, एक शेळी विण्यांत गेली. गेल्या वर्षीं मी त्या गांवीं गेलों तेव्हां त्याच्या दारीं अकरा शेळ्या होत्या. ‘आणखी कां वाढवीत नाहीं?’ असें मीं विचारलें. तो बांधाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘वैशाखांत एवढ्याच खातात.’ दहा वर्षांपूर्वीं मीं कागदावर न मांडलेला हिशेब त्यानें एका वाक्यांत मांडला.

चर्चेसाठीं प्रश्न

१) आपल्या घरीं फाल्गुन ते मृग ह्या चार महिन्यांत किती शेळ्यांचा चारा निघतो? बोटांवर मोजून सांगा.
२) त्या शेळ्या कोण राखील? त्या माणसाचें दुसरें कोणतें काम बुडेल?
३) नवीन शेळी वेगळी बांधण्यास आपल्याकडे जागा कोठें आहे?
४) चीक केव्हां पाजावा, ह्याविषयीं आपल्या वस्तींत कोणती समजूत आहे? ती बरोबर आहे काय?
५) वस्तीनें मिळून एक चांगला बोकड ठेवावयाचा झाल्यास त्याचा चारा कोणी व कसा द्यावा?